इतिहासाच्या बाईंचे पान

आपल्यापैकी ज्यांची नातवंडे सध्या तिखोनमध्ये शिकत आहेत त्यांना शाळेकडून येणाऱ्या कागदांचे काही अप्रूप उरलेले नसेल. सहलीचे पैसे भरा, अमुक कागदावर सही करा, पालकसभेला इतके वाजता या, असे काही ना काही येतच असते, आणि हल्ली तर ते बहुतेक टेलिफोनवरच येते. आमच्या नातीच्या इतिहासाच्या बाई मात्र गेली दोन वर्षे दर गुरुवारी एक छापील पान मुलांच्या हाती घरी पाठवतात. आम्ही उभयतां दिमोनात राहतो. मुलगा आणि सून दोन रस्ते पलीकडे राहतात आणि शब्बाथच्या रात्री सर्व मंडळी आमच्याकडेच जेवायला असतात. त्यांच्याबरोबर ते पानही येते. त्याविषयी चार शब्द लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

पान म्हणजे एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. वर आठवड्याची तारीख, यहुदी महिन्याची आणि इंग्रजी महिन्याचीही. मग या आठवड्यात वर्गात काय झाले ते आठ-दहा ओळींत. मग पुढच्या आठवड्यात काय होणार, परीक्षा कधी, कोणता धडा वाचून यायचा. कोणाचा तरी निळा स्वेटर तीन आठवडे वर्गात पडून आहे, घेऊन जावा, असेही एकदा होते. आणि सर्वांत खाली एका चौकटीत एक प्रश्न. तो प्रश्न मुलांना नसतो, घरच्या माणसांना असतो. शब्बाथच्या टेबलावर तो विचारायचा, जे उत्तर मिळेल ते मुलांनी पानाच्या मागे लिहायचे आणि रविवारी बाईंना द्यायचे. त्यातली दोन-चार उत्तरे पुढच्या पानात छापून येतात, नावाशिवाय. 'एका आजोबांनी सांगितले', 'एका पणजीला आठवते', असे. कोणी वही आणली नाही, कोणाला कमी गुण मिळाले, यातले एक अक्षरही त्या पानात नसते. ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

येथील मुले आपल्या शिक्षकांना पाळण्यातल्या नावाने हाक मारतात हे आपणास ठाऊकच आहे. पन्नासहून अधिक वर्षे झाली येथे येऊन, तरी आमच्या जिभेला ते वळण पडले नाही. नात घरात त्यांचे नाव घेते, आम्ही त्यांना 'बाई' म्हणतो, आणि आता तीही आमच्याशी बोलताना 'बाई' म्हणू लागली आहे. आम्हाला ती हाक मारते 'आजी' आणि 'साबा' अशी, एक मराठी आणि एक हिब्रू. असे का, ते तिचे तिलाच ठाऊक.

आमच्या लहानपणी शाळेतून घरी काही येणे म्हणजे संकट. मुंबईत कोणत्याही शाळेचा शिपाई चिठ्ठी घेऊन जिना चढू लागला की चाळीतल्या सर्व मुलांच्या पोटात गोळा येई. एरवी वर्षातून तीनदा प्रगतिपुस्तक, त्यावर वडिलांची सही, आणि त्याआधी वडिलांचे बोलणे. वर्गात काय शिकवतात हे आईवडिलांनी विचारावे आणि शिक्षकांनी सांगावे अशी पद्धतच नव्हती. आमच्यातले एकजण माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलेले. १८७५ साली आपल्याच लोकांनी इझ्रायलाइट स्कूल म्हणून काढलेली ती शाळा. दुसरे पनवेलला मराठी शाळेत शिकलेले. पण इतिहास दोघांचा सारखाच. शिवाजी महाराज, पेशवे, १७६१ चे पानिपत आणि मग व्हाइसरॉयांची एक लांबलचक यादी, जी तोंडपाठ म्हणावी लागे.

आपल्या लोकांचा इतिहास त्यात नव्हता. तो घरी होता. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांना तेथेच पुरले, आपण तेल गाळू लागलो, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने शनिवार तेली म्हटले, आणि ज्या ज्या गावी राहिलो त्या गावाचे नाव मागे लावले. हे आम्ही आजीच्या मांडीवर ऐकले. हा इतिहास आणि शाळेतला इतिहास एकमेकांना कधी भेटले नाहीत. ते भेटावेत असे कोणाच्या मनातही आले नाही.

तेव्हा नात दहावीला गेली आणि पहिले पान आले, तेव्हा आम्ही ते कौतुकाने हाती घेतले आणि चष्मा लावून बसलो. आमचे हिब्रू म्हणजे थोडे उल्पानचे आणि बाकीचे कापडगिरणीतले आणि बालवाडीतले, कारण १९७० साली आल्यावर एकाला गिरणीत काम मिळाले आणि दुसरीला बालवाडीत मदतनीस म्हणून. बोलणे फर्डे, पण स्वरचिन्हांशिवायचे छापील वाचायचे म्हणजे एकेक शब्द दाढेखाली फोडावा लागतो. नात शेजारी बसून दुरुस्त करते. तिला कंटाळा येतो, पण बसते.

त्या वर्षी एका पानात बासल येथील १८९७ च्या झिऑनवादी काँग्रेसची हकीकत होती आणि खाली प्रश्न होता: त्या वर्षी तुमच्या घरची माणसे कोठे होती आणि काय करीत होती? आम्ही हसलो. आमची माणसे पनवेलला आणि मुंबईला होती आणि बहुधा प्लेगाला घाबरून होती, कारण १८९६ मध्येच मांडवीत प्लेग सुरू झाला होता. पण मग आठवले की त्याच १८९७ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास लिहून पुरा केला होता. तो छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, आणि तोही मुंबईत नव्हे तर तेल अवीवमध्ये. डॉ. इम्मानुएल ओल्स्वांगर यांनी तो छापून काढला. केहिमकर तोवर हयात नव्हते. हे आम्ही नातीला सांगितले आणि तिने मागे लिहिले. त्याच १९३७ मध्ये आपले डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले आणि त्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीजवळ आजही आहे, हेही तिने स्वतःच्या मनाने त्याला जोडून दिले. पुढच्या गुरुवारी पानात ते आले आणि खाली बाईंनी एकच ओळ लिहिली होती की, हे मला ठाऊक नव्हते.

शिक्षिकेने छापील कागदावर तसे लिहावे, याचे आम्हाला फार नवल वाटले. बाई मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातल्या, जन्म दिमोनाचाच. वयाने आमच्या मुलाएवढ्या. पाच वर्गांना शिकवतात आणि पाचही वर्गांना हे पान जाते. बगरुतची परीक्षा डोक्यावर असताना एवढा खटाटोप त्यांना कोणी सांगितला, असे आमची सून एकदा म्हणाली. सांगितला कोणीच नसणार. अशी कामे सांगून होत नाहीत.

अकरावीत गाडी पुढे गेली. एके आठवड्यात प्रश्न आला तो परकी सत्ता जाऊन स्वतंत्र झालेल्या देशांतून आलेल्या घरांना. मोरोक्को १९५६ चा, हिंदुस्थान १९४७ चा. आमच्या विहीणबाई त्या रात्री जेवायला होत्या. त्यांनी कासाब्लांकाच्या गोष्टी सांगितल्या, आम्ही १५ ऑगस्टच्या रात्री मुंबईत झालेल्या रोषणाईचे आमच्या वडिलांनी केलेले वर्णन सांगितले, आणि जेवण अकरापर्यंत चालले. पुढल्याच आठवड्यात नात पान नाचवीत आली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात फाळणीच्या ठरावावर झालेल्या मतदानाची यादी त्यात होती. बाजूने तेहेतीस, विरुद्ध तेरा, तटस्थ दहा.

"साबा, तुमचा देश विरुद्ध होता!"

तिला हो की नाही एवढेच उत्तर हवे होते. आम्ही तिला अर्धा तास बसवले. विरुद्ध मत दिले हे खरे. स्वतःच्या घराची फाळणी होऊन रक्त वाहत असताना दुसऱ्याच्या फाळणीला ते हो म्हणतील हे कठीणच होते, आणि इतरही कारणे होती. पण १७ सप्टेंबर १९५० रोजी भारताने इस्राएलला मान्यता दिली, १९५३ पासून मुंबईत इस्राएलचे कॉन्सुलेट होते, आणि आम्हा हजारो माणसांना निघताना कोणी अडवले नाही. दोन्ही देशांचे पुरते राजनैतिक संबंध व्हायला २९ जानेवारी १९९२ उजाडला. आम्ही आलो ते त्या मधल्या काळात. आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्या देशात आम्हाला यहुदी म्हणून कधी कोणी दगड मारला नाही. हे वाक्य तिने तसेच्या तसे लिहून घेतले. विहीणबाईंनी ते ऐकून दोनदा विचारले, "कधीच नाही?" आम्ही म्हटले, कधीच नाही. त्या गप्प राहिल्या.

पुढचे चार आठवडे पानाची तऱ्हाच बदलली. वर्गात शोआचा भाग सुरू झाला होता. स्वेटर नाही, सूचना नाहीत, खालची चौकटही नाही. काय शिकवले तेवढ्याच सात-आठ ओळी. चौथ्या आठवड्यात, हंगेरीतले यहुदी आउशविट्सला नेले गेले तो भाग झाल्यावर, चौकट परत आली. प्रश्न असा: १९४४ च्या वसंतात तुमच्या घरची माणसे कोठे होती? जगाच्या पाठीवर कोठेही असोत.

नातीने ते पान आम्हाला दाखवलेच नाही. जेवताना सुनेने विचारले तेव्हा तिने पिशवीतून काढले आणि घडी न उघडता टेबलावर ठेवले. म्हणाली, "आपल्याला काही लिहायचं नाही. आपण नव्हतोच तिथे."

वाचकहो, हे वाक्य आपल्या पुष्कळ घरांत बोलले गेले असेल. शोआच्या दिवशी सायरन वाजतो, आपणही उभे राहतो, आपलेही डोळे भरून येतात. पण शेजारच्या घरात भिंतीवर तसबिरी आहेत आणि आपल्या घरात त्या नाहीत. ती देवाची कृपाच आहे. पण सोळा वर्षांच्या मुलीला वर्गात ती कृपा वाटत नाही. तिला वाटते की सर्वांनी पैसे भरले आणि आपण फुकट बसलो.

आम्ही तिला म्हटले, पान उघड, आणि लिही. १९४४ च्या एप्रिलात तुझ्या साबांचे वडील मांडवीच्या पोस्टात कारकून होते. घर सॅम्युएल स्ट्रीटच्या मागल्या अंगाला. १४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' नावाचे जहाज फुटले. त्यात कापूस होता, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. आठशेहून अधिक माणसे मेली. आमच्या आजी तेव्हा शब्बाथचा स्वयंपाक उरकून खोबरेल तेलाचा दिवा पुसत होत्या. खिडक्यांच्या काचा अंगावर आल्या, दिवा फुटला, आणि त्या शब्बाथला घरात दिवा लागला नाही. मरेपर्यंत त्यांनी ही एकच गोष्ट सांगितली. आग, धूर, पळापळ यांतले काही नाही. दिवा लागला नाही, एवढेच.

वडील रात्री उशिरा घरी आले ते हाताला फडके बांधून. ते बांधले होते जर्मनीतून आलेल्या एका यहुदी डॉक्टरांनी. असे डॉक्टर त्या काळी मुंबईत बरेच आले होते. त्यांना पाय रोवता यावेत म्हणून १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली होती. आमच्या मोहल्ल्यातले हे डॉक्टर त्या रात्री रस्त्यावर स्टूल टाकून बसले आणि येईल त्याला पट्टी बांधीत राहिले, हिंदू, मुसलमान, आपले, सर्वांना. पैसे घेतले नाहीत. आमच्या वडिलांना ते आधीपासून ओळखत होते, कारण लढाई सुरू झाल्यापासून ते दर दोन-चार दिवसांनी पोस्टाच्या खिडकीशी येऊन विचारीत, परदेशचे काही आहे का? त्यांची आई मागे राहिली होती. वडील प्रत्येक वेळी खण उघडून पाहात आणि नाही म्हणत. खणात काही नाही हे त्यांना पाहण्याआधीच ठाऊक असे. तरी उघडीत. १९४५ संपल्यावर डॉक्टर विचारायचे थांबले.

नातीने पानाची मागची बाजू भरली, मग वहीचा कागद फाडून जोडला. पुढच्या गुरुवारच्या पानात दुसरे काहीही नव्हते. बाईंनी ती सबंध हकीकत छापली होती, नावाशिवाय, 'एका पोस्टातल्या कारकुनाची गोष्ट' म्हणून. चौकट रिकामी होती.

यानंतर जे झाले ते लिहावे की न लिहावे यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. अकरावीच्या मुलांना इतिहासात स्वतः शोध घेऊन एक निबंध लिहायचा असतो आणि त्याचे गुण धरले जातात. पानांतून १९५० नंतरच्या आलियाचे प्रकरण चालू होते, मअबारोत, नवी गावे, आपले दिमोना हेही त्यात आले (१९५५ चे गाव, हे बाईंनी ठळक अक्षरांत छापले होते). नातीने विषय घेतला तो १९६२ ते १९६४ चा.

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगावे लागेल, कारण त्यांच्यापैकी कित्येकांना हे ठाऊक नाही असे आमच्या ध्यानात आले आहे. १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बीनेटच्या मंडळाने ठरवले की बेने इस्राएलांशी लग्नसंबंध करण्यास हरकत नाही. पण १९६२ च्या फेब्रुवारीत लग्ने नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना गेल्या की बेने इस्राएल वधू किंवा वर दुसऱ्या समाजात लग्न करू पाहील तर आईकडून जितक्या मागे जाता येईल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे दाराशी या म्हणायचे आणि उंबऱ्यावर पणजीचा दाखला मागायचा. दोन वर्षे अर्ज, सभा, शिष्टमंडळे झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात गावोगावचे आपले लोक बायकामुलांसह यरुशलेमला गेले आणि ज्यूइश एजन्सीच्या इमारतीपुढे ठाण मांडून बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी केनेस्सेतची खास बैठक झाली आणि बेने इस्राएल हे सर्व बाबतीत यहुदी आहेत, कोणताही भेद नाही, असे ठरावात म्हटले गेले. महिनाअखेरीस रब्बीनेटने सूचनांतले 'बेने इस्राएल' हे शब्द काढले.

आम्ही तेव्हा मुंबईत होतो. वर्तमानपत्रांत वाचले, मसीदीत त्यावर तावातावाने बोलणी झाली, पुष्कळांनी निघण्याचा बेत पुढे ढकलला. सहा वर्षांनी आम्ही आलो तेव्हा ते प्रकरण मिटलेले होते.

आता, आम्ही 'आम्ही' म्हणून लिहितो खरे, पण या बाबतीत आम्ही दोघे एका मताचे नव्हतो. एकाचे म्हणणे, झाले गेले. ठराव झाला, शब्द काढले, पुढे मुलांची लग्ने झाली, नातवंडे झाली. आमचीच सून मोरोक्कोच्या घरातली, कोणी काही विचारले नाही. मग पोरीने भर वर्गात उभे राहून एके काळी आमच्याकडे संशयाने पाहात होते असे आपल्याच तोंडाने का सांगावे? वर्गात दहा तऱ्हेची मुले. एखादे काहीबाही बोलायचे आणि ते पोरीच्या मनाला लागायचे. दुसरीचे म्हणणे, जे लोक रस्त्यावर बसले त्यांनी चोरी केली होती काय, की त्यांचे नाव झाकून ठेवावे? मसीदीतही दोन्ही पक्ष निघाले. एक वडीलधारे गृहस्थ तर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, मुलीला दुसरा विषय द्या, क्रिकेट द्या.

नातीने आमच्यापैकी कोणाचीच परवानगी मागितली नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे.

बेअर शेवाला एक आजीबाई आहेत. त्यांचे नाव लिहिलेले त्यांना आवडणार नाही. १९६४ मध्ये त्या तान्ह्या मुलाला घेऊन यरुशलेमला गेल्या होत्या. नात त्यांच्याकडे दोन शनिवार-रविवार जाऊन बसली, आम्ही मराठीचे हिब्रू करायला बरोबर. त्यांनी भाषणे सांगितली नाहीत, ठराव सांगितला नाही. मुलाच्या दुधाचे काय केले ते सांगितले. रात्री यरुशलेमला गारवा पडतो हे कोणाच्या ध्यानात नव्हते, म्हणून लुगडी दुपटी करून मुलांवर घातली ते सांगितले. येणारे-जाणारे थांबून पाहात, काही फळे आणून देत, काही तोंड फिरवून जात. नातीने विचारले, तुम्हाला भीती वाटली का? आजीबाई म्हणाल्या, "भीती कसली? लाज वाटली. आपण कोण ते दुसऱ्याला सांगावं लागतं याची लाज."

पुढल्या शब्बाथला नातीने हे टेबलावर वाचून दाखवले. सुनेचा घास हातात राहिला. वीस वर्षे झाली तिच्या लग्नाला, तिला यातले काही ठाऊक नव्हते. तिने आमच्या मुलाकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे आपलं लग्न तेव्हा असतं तर?"

मुलगा म्हणाला, "तर माझ्या आईची, तिच्या आईची आणि तिच्याही आईची चौकशी झाली असती."

विहीणबाई एका कानाने कमी ऐकतात, त्यांना ते दोनदा सांगावे लागले. मग त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मग माझ्याकडे यायचं होतं चौकशीला. मी सांगितलं असतं." आणि आमच्यातल्या एकीच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. आमचे जे दुसरे मत होते, विषय बदला म्हणणारे, ते त्या रात्रीनंतर पुन्हा ऐकू आले नाही.

वर्गात काय झाले ते आम्हाला पानातूनच कळले, कारण नात स्वतः काही धड सांगेना. पानात नेहमीसारख्या आठ-दहा ओळी होत्या. एका विद्यार्थिनीने १९६२ ते १९६४ या काळावरचे आपले काम वाचून दाखवले, प्रश्नोत्तरे दोन तास चालली, त्यामुळे पुढचा धडा राहिला आणि परीक्षा मंगळवारवर गेली आहे. बस. खाली चौकटीत होते: मुलांना न सांगितलेले असे काही तुमच्या घरात आहे का? या वेळी उत्तर लिहून पाठवू नये, मी छापणार नाही.

थोडेफार आम्हाला दुसरीकडून कळले. वर्गातल्या एका मुलाने विचारले होते, मग तुम्ही खरोखर यहुदी आहात की नाही? नात त्याला म्हणाली, तू आत्ता मला जे विचारलंस ना, तेच तेव्हा विचारत होते. तो मुलगा वाईट नाही, आमच्या ओळखीच्या घरातला आहे. दुसऱ्या दिवशी त्याची आई बाजारात भेटली, भाजी घेता घेता बराच वेळ इकडचे तिकडचे बोलली, आणि जाताना तिने पुदिन्याची एक जुडी आमच्या पिशवीत टाकली. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. एका इथिओपियन मुलीच्या वडिलांनी मात्र बाईंना फोन करून ते काम वाचायला मागितले असे ऐकतो. त्यांच्या लोकांना काय काय सोसावे लागले ते येथे लिहीत नाही, तो त्यांचा इतिहास, तेच लिहितील.

हे सगळे लिहिण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते कामाचे आहे. निबंध सुधारून २० जूनच्या आत, शाळा संपण्यापूर्वी, पुरा द्यायचा आहे. बाईंचे म्हणणे असे की हिब्रू वर्तमानपत्रे ग्रंथालयात मिळतात, केनेस्सेतचे कामकाजही मिळते, पण आपल्या लोकांनी त्या वेळी आपापसात मराठीत काय लिहिले ते कोठेच मिळत नाही. हस्तपत्रके, सभांच्या सूचना, मुंबईला नातेवाइकांना लिहिलेली पत्रे, एखादे छायाचित्र, कोणाच्या पेटीत असेल तर त्याची नक्कल संपादकांच्या पत्त्यावर आमच्यासाठी पाठवावी. मूळ कागद पाठवू नयेत, टपालात गहाळ होतात. नातीला मराठी वाचता येत नाही. आम्ही वाचून सांगू आणि ती हिब्रूत लिहील. ज्यांना नाव नको असेल त्यांनी तसे कळवावे, बाईंच्या पानात नावे छापत नाहीतच.

या आठवड्याचे पान काल आले. त्यात १९७३ च्या युद्धाचा प्रश्न आहे आणि उत्तर रविवारी सकाळी द्यायचे आहे.